डिंक सगळ्यात शेवटी

"ग्लू कोणता वापरतेस?" खाऱ्या पाण्याच्या टाकीत नुकतेच प्रवाळ ठेवू लागलेलं कुणी भेटलं की पहिला प्रश्न हाच असतो. मी नाव सांगून टाकते, पण खरं विचारायचं ते राहूनच जातं. ग्लू लावायला मिनिटभर पुरतं. कुठे लावायचा हे ठरवण्यात माझा अख्खा हिवाळा गेला, आणि तो वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. बैठकीच्या खोलीत ७५ गॅलनची, म्हणजे साधारण २८४ लिटरची टाकी आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद. खालच्या कपाटात सम्प, म्हणजे पाणी गाळायची दुसरी छोटी टाकी, स्किमर, म्हणजे फेसातून घाण काढणारं यंत्र, हीटर आणि वायरींचं जंजाळ. पुण्याला माहेरी गोड्या पाण्याची टाकी होती, गप्पी आणि मॉली एवढाच संसार. प्रवाळ पाळायचा विचार तिथे करण्यात अर्थच नव्हता. भारतात २००१पासून दगडी प्रवाळाच्या सगळ्या जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. भारतातल्या वाचकांनी पुढचं वाचताना हे लक्षात ठेवलेलं बरं. इथे अमेरिकेतही बाहेरून येणाऱ्या दगडी प्रवाळाला साइट्स कराराची, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराची, कागदपत्रं लागतातच. मी मात्र समुद्रातून काढलेला एकही प्रवाळ घ्यायचा नाही असं पहिल्यापासून ठरवलं होतं. कुणाच्या तरी टाकीत वाढलेल्या प्रवाळाचा कापलेला तुकडा घ्यायचा. या तुकड्याला सगळे फ्रॅग म्हणतात, मीही तेच म्हणते.

टाकी लावून बरेच महिने झाले होते. कोरड्या दगडांची दोन बेटं रचली होती, मध्ये हातभर मोकळी जागा. दगडांवर कोरलाइनचा, म्हणजे कवचासारख्या चढणाऱ्या शैवालाचा, जांभळा थर दिसायला लागला होता. खारेपणा हजारी ३५, तापमान २५.५ अंश, अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटांचं माप, साडेआठ डीकेएचच्या आसपास, कॅल्शियम ४२० पीपीएम. हे आकडे आठवडेच्या आठवडे हलले नाहीत तेव्हाच पुढचा विचार सुरू केला. पाण्याबद्दल इथे एवढंच बोलते, कारण त्यावर बोलायला लागलं की जागेचा विषय मागे पडतो.

सुरुवात उजेडापासून. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याचं बरंचसं पोट त्या शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणावर भरतं. उजेड कमी पडला तर शैवाल वाढवून तो हळूहळू तपकिरी होतो. एकदम जास्त झाला तर शैवाल बाहेर टाकून पांढरा पडतो. कुठे किती उजेड आहे हे डोळ्यांना कळत नाही, कारण निळा एलईडी आपल्याला मंद वाटतो आणि प्रवाळाच्या दृष्टीने तोच भरपूर असतो. त्यासाठी पार मीटर, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाच्या कामी येणारा उजेड मोजणारं यंत्र, लागतो. विकत घ्यायचा तर महाग, म्हणून दोन दिवसांसाठी भाड्याने आणला. लांब दांडीच्या टोकाला एक छोटा सेन्सर, दुसऱ्या टोकाला आकडा दाखवणारा डबा. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर तो २०००च्या आसपास आकडा दाखवेल. घरच्या टाकीत त्याचा दहावा हिस्साही पुष्कळ झाला.

नवऱ्याला वही घेऊन बसवलं. मी दांडी फिरवायची आणि आकडा सांगायचा, त्याने लिहायचा.

"अगं, एकाच दगडाचे दोन आकडे? २४० आणि ९०?"

"एक माथ्यावरचा, एक कपारीखालचा."

"आणि हा २५?"

"कमानीखाली. तिथे कुणी जगणार नाही, तिथे मासे झोपतील."

दोन्ही बेटांच्या माथ्यावर २५० ते २८०, मधल्या पायऱ्यांवर १३० ते १६०, वाळूवर ७० ते ९० आणि मागच्या कोपऱ्यांत जेमतेम ४५. मला वाटत होतं की जितकं खाली जाल तितका उजेड कमी, एवढं साधं गणित असेल. तसं नव्हतं. डाव्या बेटाची मधली पायरी आणि उजव्या बेटाची तेवढ्याच उंचीवरची पायरी यांत जवळजवळ तीसचा फरक निघाला. कारण दिवा नेमका मध्यावर टांगलेला नव्हता, दोनेक इंच डावीकडे होता. दिवा सरकवून पुन्हा मोजायचं की आहे ते मान्य करायचं यावर थोडा वाद झाला. शेवटी आहे ते मान्य केलं. दोन उंच्यांवर दोन वेगळे उजेड असण्यापेक्षा एकाच उंचीवर दोन उजेड मिळणं ही सोयच आहे. टाकीचा समोरून नकाशा काढला, त्यावर आकडे टाकले आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

ढोबळ हिशेब असा. मशरूम आणि लेदर जातीचे मऊ प्रवाळ ५० ते १००मध्ये खूश. हॅमर, डंकन, एकान असे मोठ्या तोंडाचे, मांसल दगडी प्रवाळ ८० ते १५०. थाळीसारखा वाढणारा मॉन्टिपोरा १५० ते २५०. ॲक्रोपोराला त्याहून वर. हे काही शिलालेख नाहीत. विकणाऱ्याच्या टाकीत तो तुकडा किती उजेडात वाढला होता, हे या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. म्हणून फ्रॅग घेताना किमतीआधी मी हेच विचारते.

पाण्याच्या ओढीचं मोजमाप मात्र घरगुती. बांबूच्या काडीला लोकरीचा धागा बांधला आणि तो नकाशावरच्या एकेका जागी धरून पाहिला. धागा एकाच दिशेला ताठ राहिला तर ती जागा मांसल प्रवाळासाठी बाद. हॅमरचे टेन्टॅकल, म्हणजे तोंडाभोवतीचे मऊ हात, एका बाजूला दाबून धरले गेले की त्याच्याच सांगाड्याच्या धारदार कडांवर मांस फाटतं. धागा इकडून तिकडे झुलला तर उत्तम. लोंबकळला तर तिथे गाळ बसणार. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरलो होतो तेव्हा गढूळ पाण्यातही गोल, जाडजूड प्रवाळ टिकून असलेले पाहिले होते. गाळ सोसणारी ती मंडळी वेगळी. माझ्या टाकीत थाळीच्या आकाराचा मॉन्टिपोरा येणार होता, आणि थाळीत पडलेला गाळ आपणहून कुठे जात नाही.

उजेड आणि ओढ जमली की लोकांना वाटतं, झालं. माझ्या मते खरी डोकेफोड त्यानंतर सुरू होते, ती शेजाऱ्यांची. प्रवाळ दिवसा फुलासारखे दिसतात म्हणून आपण त्यांना फुलांसारखं मांडायला जातो, जवळजवळ, रंगसंगती बघून. दिवे गेल्यावर लाल टॉर्च घेऊन एकदा टाकीत बघा. काही जाती रात्री दंशपेशींनी भरलेले लांबलचक टेन्टॅकल बाहेर काढतात आणि आजूबाजूला चाचपून बघतात. गॅलेक्सिया नावाच्या प्रवाळाचे तर फूटभर लांब जातात म्हणतात. तो मी घेतलाच नाही, चार फुटांच्या टाकीत अशा पाहुण्याला जागा कुठून आणणार! इतर काही जाती आणखी पुढे जाऊन पोटातले पाचक तंतू बाहेर टाकतात आणि शेजाऱ्याला जागच्या जागी पचवतात. जमैकाच्या प्रवाळभिंतींवर प्रवाळांच्या अभ्यासक ज्युडिथ लँग यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही भांडणं नीट तपासली, तेव्हा दिसलं की सगळ्यात आक्रमक जाती बहुधा सावकाश वाढणाऱ्या असतात. भरभर वाढणारा डोक्यावर सावली धरून शेजाऱ्याला मारतो, हळू वाढणारा त्याला खाऊन. टाकीतही अगदी हेच चालतं. मॉन्टिपोराची थाळी सहा महिन्यांनी ज्याच्यावर सावली पाडणार आहे त्याची जागा आजच हलवायला हवी.

टॉर्च नावाचा सोनेरी प्रवाळ मला फार आवडतो. पण तो हॅमरला भाजून काढतो. दोघांना मान द्यायचा तर एकेका बेटावर एकेक, मध्ये वीतभरापेक्षा जास्त अंतर. मला हॅमर हवा होता, म्हणून टॉर्चचा नाद सोडला. लेदरचं वेगळं प्रकरण. तो हात लावत नाही, पाण्यात रसायनं सोडतो. त्याच्यासाठी सम्पमध्ये सक्रिय कोळशाची पिशवी कायम ठेवायची.

आमच्या भागातल्या हौशी मंडळींत एक निवृत्त प्लंबर आहेत, सत्तरीच्या आसपासचे. त्यांच्या घरची टाकी माझ्या टाकीच्या तिप्पट आणि त्यात प्रवाळ मात्र मोजके. त्यांनी एक युक्ती सांगितली. प्रत्येक प्रवाळाचा तीन वर्षांनंतरचा आकार धरून कागदाचे गोल कापायचे आणि टाकीच्या समोरच्या काचेला बाहेरून चिकटवायचे, मग फ्रॅग आणायला जायचं. मी हॅमरसाठी जेवणाच्या ताटाएवढा, मॉन्टिपोरासाठी त्याहून मोठा असे गोल कापले. माझ्या यादीत चौदा नावं होती. गोल काचेवर मावले सात.

त्याच आठवड्यात आई पुण्याहून आली. दारातून आत येताच म्हणाली, "हे काय, कुणाचा वाढदिवस आहे का?"

फ्रॅगची अदलाबदल आणि विक्री होते ती शाळेच्या हॉलमध्ये किंवा हॉटेलच्या सभागृहात, रविवारी. टेबलावर उथळ ट्रे, वर निळे दिवे, त्याखाली हिरव्या-नारिंगी-जांभळ्या रंगांचा असा काही झगमगाट की यादी विसरायला होते. त्या निळ्या उजेडात काहीही सुंदर दिसतं. मी प्रत्येक टेबलावर खिशातली पांढरी टॉर्च मारून बघत होते. सांगाड्याच्या बुडाशी मांस मागे सरलेलं दिसलं की पुढच्या टेबलावर. दोन तोंडांचा हॅमर, नारिंगी मॉन्टिपोराचा नखाएवढा तुकडा, बारीक फांद्यांचा गुलाबी बर्ड्‌सनेस्ट, डंकन, एक हिरवा मशरूम आणि झोआंची, म्हणजे बटणांसारख्या दिसणाऱ्या मऊ जातीची, छोटी वसाहत घेतली. लेदरचा तुकडा प्लंबरकाकांनी फुकट दिला. तो सगळीकडे फुकटच मिळतो.

घरी आल्यावर पिशव्या टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवून तापमान सारखं केलं. मग प्रत्येकाला आंघोळ. टाकीतलंच पाणी एका डब्यात, त्यात प्रवाळांसाठी मिळणारं डिपचं द्रावण, आणि स्वयंपाकघरातला सॉस ओतायचा मोठा ड्रॉपर. त्याने फवारा मारत राहायचं. आई शेजारी खुर्ची घेऊन बसली होती.

"अगं, औषधात बुडवलंस, मेलं तर?"

"पाचच मिनिटं ठेवायचं. बघ, खाली काय पडतंय."

डब्याच्या तळाशी तीळभर चपटा किडा वळवळत होता. आईने तोंड वाकडं केलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाकून बघितलं. डिपने किडे पडतात, त्यांची अंडी नाही. म्हणून फ्रॅग ज्या सिमेंटच्या बुटक्या प्लगवर चिकटवलेला असतो तो प्लग मी ठेवत नाही. हाडं कापायच्या कटरने सांगाडा प्लगपासून तोडायचा, बुडाशी काही चिकटलेलं असेल तर टूथब्रशने खरवडायचं. प्लगसोबत येणाऱ्या एप्टेशिया या उपद्रवी समुद्रफुलाची, व्हॅलोनिया शैवालाच्या हिरव्या फुग्यांची आणि नळीत राहणाऱ्या गोगलगायींची धास्ती निम्म्याने कमी होते.

"माझ्या अंगठीतलं पोवळं ते हेच का?"

"नाही गं. ते भूमध्य समुद्रातलं. त्याच्यात शैवाल नसतं, उजेड लागत नाही, कपारीत काळोखात वाढतं."

"म्हणजे तुझ्या त्या २५वाल्या जागेत," आई म्हणाली. वहीतले आकडे तिने वाचले होते.

यानंतर चिकटवायचं असं नाही. काचेला चुंबकाने अडकवायचा एक प्लास्टिकचा रॅक मिळतो. सगळे फ्रॅग त्यावर, वाळूपासून थोड्या उंचीवर, जिथे मीटर ८० दाखवत होता. दिव्यांची तीव्रताही थोडी उतरवली. मग दर काही दिवसांनी रॅक दोन बोटं वर. मॉन्टिपोरा आणि बर्ड्‌सनेस्टला वर जायचं होतं, बाकीचे वाटेत उतरले. ज्याची जागा ठरली आहे त्याला तिथे नुसतं टेकवून ठेवायचं, ग्लूशिवाय, खाचेत अडकवून, आणि बघायचं. डंकनसाठी काढलेली जागा नकाशावर अगदी योग्य होती, धाग्याने पास केलेली. डंकनला ती पसंत पडली नाही. दोन दिवस तोंड मिटून बसला. चार इंच डावीकडे, थोड्या आडोशाला ठेवला तर संध्याकाळपर्यंत फुलला. आकड्यांत दोन्ही जागांमध्ये काही फरक दिसत नव्हता. अशा वेळी प्रवाळाचं ऐकायचं.

प्रवाळ पाय टाकून चालत नाही, पण तो काय म्हणतोय हे कळतं. हॅमर दिव्याच्या दिशेने ताणून लांब होत असेल तर उजेड कमी पडतोय. आक्रसून सांगाड्यात जात असेल तर उजेड किंवा ओढ जास्त आहे. मॉन्टिपोराच्या कडेला फिकट, नवी किनार दिसायला लागली की तो वाढायला लागला.

आणि मग तो दिवस, शनिवार सकाळ. लागणारं सामान सगळं ओट्यावर मांडलं. सायनोॲक्रिलेट जेलच्या दोन ट्यूब, दोन भागांच्या इपॉक्सी पुटीची कांडी, कागदी टॉवेल, हातमोजे, कटर, टूथब्रश. सायनोॲक्रिलेट म्हणजे आपल्या फेविक्विकच्याच घराण्यातला. पण तो पातळ, पाण्यात ओघळून जातो. इथे घट्ट जेल लागतं. ओलाव्यानेच घट्ट होणारा हा पदार्थ, त्यामुळे पाण्यात चालतो. किंबहुना जरा जास्तच चालतो. पाणी लागल्याबरोबर वरून साय धरते आणि आत मात्र जेल ओलं राहतं. ती साय मोडली नाही तर चिकटत काहीच नाही. इपॉक्सी पुटी म्हणजे एम-सीलची भावंडं, पण मत्स्यालयासाठी बनवलेली. फ्लोरिडात तुटलेल्या स्टॅगहॉर्न प्रवाळाची रोपं समुद्रात वाढवून पुन्हा खडकावर बसवतात, तिथेही पाणबुडे अशीच सागरी इपॉक्सी वापरतात.

पंप बंद, लाटा उठवणारा वेव्हमेकर बंद, स्किमर बंद. स्किमर विसरायचा नाही. पुटी आणि ग्लूमुळे तो फेसाने उतू जातो, कपाटात पाणी होतं. मग दगडावरची जागा टूथब्रशने घासायची. शैवालाच्या बुळबुळीत थरावर कितीही ग्लू लावा, तो त्या थराला चिकटतो, दगडाला नाही. ड्रॉपरने धूळ उडवून टाकायची.

नंतरचं काम भराभर. हॅमर सांगाड्याला धरून बाहेर काढला, मांसाला बोट लागू दिलं नाही. बूड कागदी टॉवेलने टिपलं. प्रवाळ काही मिनिटं हवेत राहिला तर बिघडत नाही, ओहोटीला समुद्रातही काही जाती उघड्या पडतातच. बुडावर जेलचा मोठा थेंब. पुटीचा तुकडा कांडीवरून कापून कणकेसारखा मळून ठेवला होता, दोन्ही रंग एक होईपर्यंत. त्याचा लिंबाएवढा गोळा जेलवर दाबला, गोळ्याच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा जेल. म्हणजे ग्लू, पुटी, ग्लू असा थर. नुसती पुटी ओल्या दगडाला धरत नाही. ती खाच भरून काढते, धरून ठेवतो तो ग्लू. मग हात कोपरापर्यंत टाकीत, जागेवर टेकवायचं आणि दाबताना थोडं डावीकडे-उजवीकडे फिरवायचं, म्हणजे साय मोडते. मनात तीसपर्यंत आकडे. हात हळूच सोडायचा.

लोक इथे घाई करतात असं दिसतं. हात सोडला, प्रवाळ उभा राहिला, की लगेच पुढचा. मी प्रत्येकाला बोटाने बाजूने हलकं ढकलून बघत होते. हलला तर काढून पुन्हा. मॉन्टिपोराला पुटीची गरज नव्हती, त्याला सपाट जागा मिळाली होती, नुसत्या जेलवर बसला. बर्ड्‌सनेस्टला खाच मिळाली. डंकन सगळ्यात सोपा, त्याचा दांडा लांब आहे. सगळे बसल्यावर वीस मिनिटं पाणी स्थिर ठेवलं, मग एकेक पंप सुरू केला. स्किमर दुसऱ्या दिवशी. पुटीचे पांढरट डाग आठवडाभर डोळ्यांत खुपतात, नंतर कोरलाइन त्यांच्यावर चढतं.

मशरूमला ग्लूच चालत नाही. त्याला सांगाडाच नाही, शिवाय अंगातून चिकट द्रव सोडतो आणि ग्लूतून सुटून निघून जातो. त्याला दगडाच्या बारीक तुकड्यांसोबत प्लास्टिकच्या वाडग्यात ठेवलं, वाहून जाऊ नये म्हणून वरून जाळी बांधली, आणि वाडगा ओढ नसलेल्या कोपऱ्यात. मनाला येईल त्या तुकड्याला तो स्वतःच धरतो; मग तो तुकडा चिकटवायचा, मशरूम नाही. लेदरही तसाच, पण त्याच्या पायातून टूथपिक आरपार घालून ती रबरबँडने दगडाला बांधता येते. काही दिवसांत पाय दगडाला धरतो, मग रबर कापून टाकायचं. आईला हे बघवलं नाही, ती स्वयंपाकघरात गेली.

झोआंबद्दल मात्र थट्टा नको. काही झोआंमध्ये आणि त्यांच्या जवळच्या पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असू शकतं. अलास्कात २०१२ ते २०१४ दरम्यान मत्स्यालयाच्या दुकानात आणि घरांत हे प्रवाळ हाताळणारी माणसं श्वासाच्या त्रासाने आजारी पडल्याची सरकारी नोंद आहे. मी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय त्यांना हात लावत नाही, घरात झोआ कापत नाही, आणि झोआ चिकटलेला दगड कधीही गरम पाण्यात टाकायचा नाही हे नवऱ्यालाही बजावून ठेवलं आहे. वाफेतून ते विष नाकातोंडात जातं. झोआंची वसाहत मी त्यांच्या छोट्या दगडासकट, वाळूवर मुख्य बेटांपासून तोडून ठेवली. विषापेक्षाही ती पसरतात म्हणून. एकदा मोठ्या दगडावर चढलेली झोआ उतरवणं महाकठीण. ग्रीन स्टार पॉलिप नावाचा मऊ प्रवाळ तर याच कारणाने घेतलाच नाही. मेळाव्यात एका गृहस्थाने हसत हसत तो मला बादलीभर देऊ केला होता.

चिकटवलेलं टिकतं की नाही याची परीक्षा प्रवाळ घेत नाही, बाकीची मंडळी घेतात. टर्बो गोगलगाय ही मुठीएवढी गोगलगाय शैवाल खात खात सरळ रेषेत जाते, वाटेत काय आहे याची तिला पर्वा नसते. टेकवून ठेवलेले फ्रॅग तिने रोज पाडले. चिकटवलेला एकही नाही. आमच्याकडे टक्सीडो अर्चिन आहे, समुद्रातला चेंडूसारखा गोल प्राणी, निळसर, काटेरी. त्याला डोक्यावर काहीतरी घेऊन फिरायची सवय असते: शिंपले, दगडाचे तुकडे, जे सापडेल ते. मशरूमच्या वाडग्याची जाळी काढल्याच्या दुसऱ्या सकाळी हिरवा मशरूम, ज्या तुकड्याला त्याने धरलं होतं त्या तुकड्यासकट, अर्चिनच्या डोक्यावर बसून टाकीभर हिंडत होता. नवऱ्याने व्हिडिओ काढून आईला पाठवला. मशरूम सोडवून त्याच दिवशी त्याच्या तुकड्याला पुटी लावून वाळूजवळच्या दगडावर बसवला.

मॉन्टिपोरा आता जेलवरून उतरून दगडावर पसरला आहे. ग्लू कुठे संपतो आणि प्रवाळ कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही, उद्या ग्लू सुटला तरी तो तिथेच राहील. हॅमरच्या एका तोंडाची दोन तोंडं व्हायला लागली आहेत. उजव्या बेटाचा माथा, जिथे मीटर २८० दाखवतो, अजून मोकळा आहे. ती ॲक्रोपोराची जागा. अल्कलिनिटी वर्षभर आठ ते नऊच्या मध्ये राहिली तरच तो आणायचा असं ठरलंय. बर्ड्‌सनेस्ट मात्र अंदाजापेक्षा भराभर वाढला. त्याच्या दोन फांद्या कागदाच्या गोलाबाहेर गेल्यात आणि मॉन्टिपोराच्या कडेपासून जेमतेम तीन बोटं उरली आहेत. पुढच्या मेळाव्याआधी त्या कापायच्या. एक प्लंबरकाकांनी आधीच मागून ठेवली आहे, दुसरीसाठी मेळाव्यात जो कोणी पहिल्यांदा टाकी लावणारा भेटेल तो.